नळीचं दुसरं टोक

१

माझ्या गॅरेजातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे हातभर लांबीची एक रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडात. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना बहुतेकदा दोन कार्बोरेटर असतात आणि दोघांनी सारखी हवा ओढली तरच इंजिन सुरात चालतं. एकजण राबतोय आणि दुसरा आळस करतोय, हे नळीतल्या फुसफुशीवरून लगेच कळतं. हल्ली यासाठी काट्यांची यंत्रं मिळतात. माझ्याकडेही एक आहे, गिऱ्हाइकांना बरं वाटावं म्हणून.

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या इंजिनांचा जोर वाढवून देणं हा माझा धंदा. म्हणजे नेमकं काय करता, असं लोक विचारतात. मी सांगतो, हवा. आत जास्त जाऊ द्यायची आणि जळलेली लवकर बाहेर काढायची. एवढीच आमची विद्या, बाकी गप्पा.

कप्तान गाडी घेऊन आले ते असंच काम घेऊन. त्यांनी आयुष्यभर नदीवर फेरीबोट चालवली, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणतात. ते स्वतः म्हणतात, “कसला कप्तान? जन्मभर चाललो आणि दोन काठांपलीकडे कुठे पोचलो नाही.” गाडी बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, बिनछपराची, दोन माणसांपुरती. तिला ते म्हातारी म्हणत.

“चढावर धापा टाकते,” ते म्हणाले. “दरवर्षी जुन्या गाड्यांची टेकडी चढायची शर्यत असते ना, तिथं मी नेहमी शेवटून पहिला. एकदा तरी मधे कुठेतरी यायचंय. हेड, कॅमशाफ्ट, जे जे बदलायचं ते बदला.”

खोलण्याआधी गाडी ऐकून घ्यायची, हा माझा शिरस्ता. कप्तान स्टिअरिंगवर बसले, मी बॉनेटखाली वाकलो. पुढचा कार्बोरेटर ऐकला, मागचा ऐकला. दोन्ही दमलेले, पण सारखेच दमलेले. “करा बंद,” मी म्हटलं आणि हात पुसायला फडकं घेतलं. नळी कानातच राहिली होती.

इंजिन थांबलं आणि नळीतून श्वास ऐकू आला.

आत जाताना मध्येच एक बारीकशी अडखळ. बाहेर पडताना लांबलचक शिट्टी. पुन्हा आत, पुन्हा तीच अडखळ. मी मान वर करून पाहिलं. इंजिनाच्या पंख्याची पाती जागच्या जागी उभी होती.

“काय म्हणतेय म्हातारी?” कप्तानांनी विचारलं.

“दमलीय,” मी म्हणालो आणि नळी कानातून काढली.

२

घरी आम्ही दोघंच, मी आणि ताई. आई-वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि ती कॉलेजात नाव घालायला निघाली होती. ते नाव घालायचं राहिलंच. गाद्यांच्या कारखान्यात, कापूस पिंजायच्या खोलीत उभं राहून तिनं मला वाढवलं. मी पुस्तकात रमणारा नाही हे कळल्यावर हाताला धरून एका मेकॅनिककडे नेऊन सोडलं. रोज संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवर कापसाचे तंतू असायचे. मी फुंकर मारून ते उडवायचो आणि ती डोळे मिटून हसायची. आत किती जात होते, ते कुणाला दिसत नव्हतं.

मी आज ज्या पायांवर उभा आहे ते तिनं दिलेत. हे मी उगाच मोठेपणानं सांगत नाही, मला रोज आठवतं म्हणून सांगतो.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या वळणावर तिच्यासाठी मी लाकडी स्टूल ठेवलंय. ती त्याला स्टेशन म्हणते. बाजारातून आली की तिथं बसते आणि वरच्या दाराकडे पाहून ओरडते, “छोट्या, गाडी स्टेशनात उभी आहे, सिग्नल मिळाला की येते.” माझी पन्नाशी उलटली, पण मी तिचा छोट्याच.

ताईच्या डॉक्टरीणबाई खोटा धीर देणाऱ्यातल्या नव्हत्या. “फुफ्फुसं गेली ती परत येत नाहीत,” त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. “येता हिवाळा काढला तर मिळवली.”

त्या संध्याकाळी आम्ही समोरासमोर चहा पीत बसलो होतो. ती कपात फुंकर घालायला थांबली, श्वास आत घेतला आणि तो मध्येच अडखळला. मग लांबलचक शिट्टी. इतकी वर्षं मी हा आवाज ऐकत आलो होतो, पण तो आधी दुसरीकडे ऐकून मग घरी ऐकायची ही पहिलीच वेळ.

“काय रे, कप हातात धरून पुतळा झालास?” ताई म्हणाली.

“गरम आहे,” मी म्हणालो.

३

माझ्या धंद्यात भुताखेतांना जागा नाही. गाडी आवाज करते तेव्हा काहीतरी सैल झालेलं असतं किंवा झिजलेलं असतं. कान वाजला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. रिकामी नळी कानाला लावली की स्वतःच्याच रक्ताचा आवाज येतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात उभ्या असलेल्या बाकीच्या गाड्या तपासल्या. प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडात नळी धरली. सगळीकडे शांत. मग म्हातारीपाशी आलो. स्वतःचा श्वास रोखला. नळीतला श्वास चालूच राहिला. नळी चिमटीत दाबली, आवाज थांबला. सोडली, पुन्हा आला. तो नळीतून येत होता, माझ्या डोक्यातून नाही.

तेव्हा मला जे सुचलं ते सुचलं नसतं तर बरं झालं असतं. मी एका कानात नळी ठेवली आणि दुसऱ्या कानाला फोन धरून घरी ताईला लावला.

“काही नाही गं, सहज.”

“सहज?” ताई म्हणाली. “तू आणि सहज? ताप-बीप आलाय का?”

ती बोलायची थांबली की दोन्ही कानांत एकच श्वास चालायचा. अडखळ एकाच क्षणी, शिट्टी एकाच लांबीची. मी काहीतरी बडबडत राहिलो, दूध आणायचंय का, पंखा दुरुस्तीला टाकायचाय का. तेवढ्यात तिला ढास लागली.

खोकला माझ्या दोन्ही कानांत एकदम आला.

मी फोन ठेवला आणि बाहेर उन्हात जाऊन बसलो. समोरचा टायरवाला हात हलवून काहीतरी विचारत होता. त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

४

गाडी परत पाठवून द्यावी, असं आधी मनात आलं. मग वाटलं, पाठवली आणि दुसऱ्या कुणा धसमुसळ्यानं ती खोलली तर? त्यापेक्षा माझ्या हाताखाली असलेली बरी. निदान मला ठाऊक तरी होतं की आपण कशाला हात लावतोय.

म्हातारीच्या एक्झॉस्टची नळी मुळातच अरुंद होती, त्यात आतून काजळीचा थर बसलेला. जळलेली हवा बाहेर पडायलाच जागा नव्हती. ताईचंही दुखणं तेच आहे, हे डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. आत घेतलेला श्वास पुरता बाहेर पडत नाही, म्हणून नव्याला जागा होत नाही. मी जुना भाग उतरवला आणि चार सारख्या लांबीच्या पाइपांचा नवा एक्झॉस्ट वळवून बसवला. मध्येच दोनदा ताईला फोन केला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “अरे, लग्नबिग्न ठरवलंयस की काय? एवढी चौकशी कशाला?”

संध्याकाळी घरी पोचलो तर ती दारात उभी. हातात बाजाराची पिशवी, ती नुकतीच जिना चढून आली होती.

“आज गाडी स्टेशनात थांबलीच नाही,” ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आनंद झाला होता. इतका की तो तिला दिसू नये असं वाटत होतं.

५

मग कार्बोरेटरांची पाळी आली. मोठ्या तोंडाचे नवे बसवायचे म्हणजे मधले जोडतुकडे मापात घासून घ्यावे लागणार होते, आणि ते काम लेथवाल्याकडचं. मी जुने कार्बोरेटर उतरवले, तुकडे पिशवीत घातले, लेथवाल्याकडे टाकले आणि तिथूनच जेवायला घरी गेलो.

इंजिनाचं तोंड उघडं टाकून मेकॅनिक जागचा हलत नाही. एखादा नट आत पडला तर अख्खं इंजिन खोलावं लागतं. म्हणून निघताना उघड्या तोंडात कापड कोंबायचं, हा आमचा पहिला धडा. माझ्या मास्तरांनी त्यासाठी मला टपलाही मारल्यात. ही गोष्ट हात आपणहून करतात, डोक्याला विचारत नाहीत. त्या दिवशीही हातांनी तेच केलं. दोन तोंडं, दोन कापडं, अंगठ्यानं दाबून घट्ट.

घराचं दार उघडंच होतं. ताई स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली होती, ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज काहीच नाही. शिट्टी नाही, अडखळ नाही. मी तिचा श्वासाच्या औषधाचा पंप आणून तोंडात धरला, दाबला, पुन्हा दाबला. आत जेमतेम धागाभर हवा जात होती. ओठ निळे पडायला लागले होते. तिनं माझ्या शर्टाची बाही पकडून मला खाली ओढलं आणि उरल्यासुरल्या हवेत बोलली.

“तोंडात... कापड आहे. तेलाचं.”

माझी पाचावर धारण बसली. गॅरेजची चावी कप्तानांकडेही होती, रोज दुपारी ते चहाचा थर्मास घेऊन म्हातारीपाशी येऊन बसायचे. मी फोन लावला. त्यांनी उचलला.

“कप्तान, बॉनेट उघडा. कार्बोरेटरच्या जागी कापडं कोंबलीत, ती काढा.”

“आत काही पडलं तर? तुम्हीच तर—”

“काढा आधी.”

डाव्या बिजागरीचं करकरणं मला फोनवर ऐकू आलं. ती बिजागरी मी मुद्दाम तशीच ठेवली होती, कप्तानांना तो आवाज आवडायचा.

“एक काढलं,” ते म्हणाले.

ताईच्या छातीत काहीतरी हललं. पाणी ओढणाऱ्या पंपात आधी हवा घरघरते, तसा आवाज आला.

“दुसरं?”

“दुसरं जाम बसलंय हो. थांबा. आलं.”

ताईनं श्वास घेतला. खोल, आवाजासकट, अगदी तळापर्यंत. मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली आणि तिच्याआधी मी.

“काढली दोन्ही,” फोनमधून कप्तान म्हणत होते. “आता सांगाल का काय झालं ते? हॅलो?”

६

मी सांगितलं नाही. काय सांगणार? त्याच दुपारी लेथवाल्याच्या डोक्यावर बसून तुकडे घासून घेतले आणि नवे कार्बोरेटर बसवूनच उठलो. तोवर कप्तान उघड्या इंजिनावर हाताचं छप्पर धरून उभे होते. जोडकाम करताना एक वॉशर माझ्या हातून निसटला, तो त्यांनी हवेतच झेलला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तेव्हा ते माझ्याआधी आलेले होते. नळी त्यांच्या हातात होती.

“काल तुमच्या फोनमधून मला एक श्वास ऐकू आला,” ते म्हणाले. “मी दुसरं कापड काढलं त्याच क्षणी. बोटीवर धुक्यात कानावरच भागवावं लागायचं. माझा कान सहसा फसत नाही.”

त्यांनी एक टोक कानात घातलं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडापाशी नेलं. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर हे ओझं एकट्यानं वाहून मी थकलो होतो.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण त्यांनी नळी काढली नाही. काही वेळानं डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरली.

“बाई आहेत,” ते हळूच म्हणाले. “काहीतरी गुणगुणतायत. मध्ये भांडी वाजतात.”

“माझी ताई,” मी म्हणालो.

कप्तानांनी मान हलवली, कुणाची ओळख करून दिल्यावर हलवतात तशी. मग नळी गुंडाळून माझ्या हातात दिली. कसं आणि का, हे त्यांनी विचारलं नाही. मी पण नाही. आजही मला त्यातलं काही ठाऊक नाही.

७

राहिलं होतं हेड आणि कॅमशाफ्ट. खरा जोर तिथंच असतो. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. जितका जोर काढाल तितकं आयुष्य कमी. हवा मोकळी करण्यात फारसा धोका नसतो. पण हेड घासून दाब वाढवला, कॅम बदलून फेरे वाढवले की इंजिन गातं खूप, टिकत नाही. आणि मुळात हेड उतरवायचं म्हणजे इंजिनाचं छप्परच काढायचं. तेवढ्या वेळात घरी काय होईल, याचा विचार मी मनात सुरू करायचो आणि अर्ध्यावर सोडून द्यायचो.

पण गाडी माझी नव्हती. शर्यत जवळ आली होती. गेली कित्येक वर्षं शेवटून पहिला आलेला माणूस एकदा तरी मधे यावा म्हणून माझ्याकडे आला होता, आणि मी कामाचा शब्द दिला होता. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी नवं हेड पुसत बसायचो आणि पुन्हा खोक्यात ठेवायचो.

शेवटी एका सकाळी कप्तानांनीच ते खोकं उचललं आणि माळ्यावर टाकलं.

“म्हातारीला एवढा जोर पुरे,” ते म्हणाले.

“आणि शर्यत?”

“शेवटून पहिला म्हणजे पहिलाच की हो.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. ऑइलचे डाग त्यांच्या बाह्यांना लागले, तरी त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.

८

गाडी इथंच राहू द्या, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांच्याही घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी त्यांची होती आणि तिच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

“हिवाळ्यात ठेवून देता तेव्हा काय करता?” मी विचारलं.

“उंदीर शिरतात ना. म्हणून पुढं-मागं कापड—” ते बोलता बोलता थांबले.

मी बारीक तारेच्या जाळीच्या टोप्या करून दिल्या, दोन कार्बोरेटरांना, एक सायलेन्सरला. त्या कशा बसवायच्या ते त्यांना पुन्हा पुन्हा दाखवलं. त्यांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा पाहिलं. मग ते निघाले, सावकाश, घरात कुणी झोपलेलं असताना जिना उतरावा तसे. मी कोपऱ्यापर्यंत इंजिन ऐकलं. सुरात होतं.

हिवाळा आला आणि गेला. डॉक्टरीणबाईंनी ताईच्या छातीला यंत्र लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “काय केलंत तुम्ही?” त्यांनी मला विचारलं. “हवापालट,” मी म्हणालो. ताईनं वळणावरचं स्टूल वर आणून त्यावर कुंडी ठेवली. स्टेशन बंद पडलं, असं तिनं शेजाऱ्यांना जाहीर करून टाकलं. शिट्टी आता क्वचितच येते. अडखळ तेवढी राहिलीय. ती मी मुद्दाम ऐकतो, तिची ओळख आहे ती.

नळी मात्र मी घरी कधी आणली नव्हती. ज्याचं भलं चाललंय ते उकरून पाहू नये. पण परवा कपडे बदलताना ती शर्टाच्या खिशात सापडली. दुपारची वेळ होती. ताई खिडकीपाशी खुर्चीत झोपली होती, तोंड किंचित उघडं, अंगावर ऊन. मी एक टोक कानात घातलं आणि दुसरं तिच्या ओठांपाशी धरलं.

आधी नुसता श्वास. मग त्याच्या मागे एक खोली ऐकू आली. मोठी, पत्र्याच्या छपराची. नळाचं थेंब थेंब गळणं. चपला ओढत कुणीतरी चालत आलं. मग करकरलं, लांब आणि ओळखीचं. डावी बिजागरी.

“कशा आहात, ताई?” कप्तानांचा आवाज. इतका जवळ की माझ्या कानाला ऊब लागली.

ताईचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले.

“बरी आहे हो,” ती झोपेत म्हणाली. “ही जाळीच बरी. कापड तेवढं घालू नका.”

मी तिला कापडाचं कारण सांगितलं नव्हतं. जाळीबद्दल तर अवाक्षरही नाही. कप्तानांना तिनं आजवर पाहिलेलंही नाही.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? तरी मी नळी कानातून काढली, ते टोक तोंडाशी धरलं आणि तिची झोप मोडणार नाही इतक्या हळू म्हणालो, “कप्तान, फार उपकार झाले.”

मग नळी पुन्हा कानाला लावली. बॉनेट खाली येत होतं, बिजागरी करकरत होती. ती अर्ध्यावर थांबली.

बराच वेळ पलीकडे कुणी बॉनेट लावलं नाही. ताईचा श्वास तेवढा चालू होता.